वाचनालयाची वेबसाइट: फुकटच्या ड्रॅग-ड्रॉप एडिटरवर कितपत भिस्त ठेवावी?

तळटीप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. 'ब' वर्ग आहे, शासनाचं अनुदान येतं, त्यात पगार आणि पुस्तकखरेदी कशीबशी भागते. यंदाच्या सर्वसाधारण सभेत वाचनालयाची वेबसाइट असावी असा ठराव झाला. एकमताने झाला. खर्चाचा आकडा कुणीच उच्चारला नाही आणि 'तुम्ही कॉम्प्युटरवाले' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी कॉम्प्युटरवाला वगैरे नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं इतकंच.

गरज फार नाही. वेळ आणि सुट्ट्या, वर्गणी-अनामतीचे दर, नव्या पुस्तकांची यादी, व्याख्यानमालेची पत्रिका, दिवाळी अंक योजनेची माहिती (वर्षभरात सगळ्यात जास्त फोन याच एका गोष्टीसाठी येतात), चार फोटो, नकाशा आणि देणगीसाठी खात्याचा तपशील. पहिल्यांदा मी करून देईन, पण पुढचे बदल आमच्या ग्रंथपाल मॅडमनी करायचे आहेत. त्यामुळे कोड लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. उचललं, ओढलं, सोडलं असंच काहीतरी हवं.

आतापर्यंत हाताळून पाहिलेलं:

विक्स: पहिल्या बैठकीतच देखणं पान तयार झालं. कुठलीही गोष्ट कुठेही ठेवता येते. पण फुकट प्लॅनमध्ये त्यांच्या जाहिरातीची पट्टी येते आणि पत्ताही त्यांच्याच नावाचा. स्वतःचं डोमेन (आपल्या नावाचा वेब पत्ता) जोडायचं तर पैसे. शिवाय एकदा निवडलेलं टेम्प्लेट (तयार साचा) त्याच साइटवर नंतर बदलता येत नाही, हे निवडून झाल्यावर कळतं.

गुगल साइट्स: जाहिरात नाही, पैसे नाहीत, स्वतःचं डोमेन जोडता येतं. दिसायला मात्र शाळेच्या सूचनाफलकाइतकंच. चौकटी ठरलेल्या, त्याबाहेर काही हलत नाही.

वर्डप्रेस आणि त्यावर एलिमेंटर (ओढून-सोडून पान मांडायची जोड): करता येण्यासारखं भरपूर आहे, पण होस्टिंग (साइट ठेवायची जागा) विकत घ्या. आणि फुकटच्या एलिमेंटरमध्ये साधा संपर्काचा फॉर्म टाकायला गेलो तर 'प्रो घ्या' म्हणून अडवतं.

कॅनव्हा: व्याख्यानमालेची पोस्टरं मॅडम त्यातच करतात, हात बसलेला आहे. आता त्यातून वेबसाइटही काढता येते. मोह होतोय.

सगळीकडे एक अनुभव मात्र सारखाच. टेम्प्लेट उघडलं की रुखवतासारखं सगळं मांडून ठेवलेलं असतं. आपला मजकूर घातला की रया जाते. मराठी मथळा तीन ओळींत मोडतो, इमारतीचा मोबाइलवर काढलेला उभा फोटो त्या आडव्या जागेत फक्त जिना दाखवतो, आणि जिथे त्यांची दोन ओळींची गोड वाक्यं होती तिथे आमचे अनामतीचे नियम मावत नाहीत.

कुणी एखाद्या संस्थेसाठी असलं काही दोन-चार वर्षं चालवलं आहे का? पहिल्या दिवशीचं कौतुक यूट्यूबवर भरपूर आहे. मला पुढचं ऐकायचंय.

कोपऱ्यातला

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या सोसायटीतही हाच विषय चालू आहे, त्यात एक किस्सा आहे. सवडीने लिहितो.

जुनाजाणता

तळटीप, पान बनवायला किती सोपं हे तुम्ही तपासलंत. आता ते सोडून जायला किती सोपं हे तपासा. फुकटच्या एडिटरची खरी किंमत तिथे कळते.

थोडा इतिहास, कारण हे आजचं नाही. जिओसिटीज १९९४ मध्ये सुरू झालं, जगभरच्या हौशी लोकांनी तिथे घरोघरची पानं केली. १९९९ मध्ये याहूने ते घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं. काही हौशी मंडळींनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढं उतरवून ठेवलं म्हणून त्यातलं थोडंफार आज पाहायला मिळतं. गुगलचं पेज क्रिएटर २००६ मध्ये आलं आणि दोन-तीन वर्षांत गुंडाळून त्यातली पानं साइट्समध्ये ढकलली गेली. मग २०१६ मध्ये साइट्सचाच नवा अवतार आला आणि यथावकाश जुन्यावरच्या सगळ्यांना बाडबिस्तरा हलवावा लागला.

अगदी अलीकडचं उदाहरण आपल्या गल्लीतलं आहे. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून चुटकीसरशी फुकट वेबसाइट व्हायची. सलून, क्लास, मंगल कार्यालय, कीर्तनकार, सगळ्यांनी केल्या. मार्च २०२४ मध्ये त्या बंद झाल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकला की प्रोफाइलवर नेऊन सोडायचे, त्यानंतर तेही थांबलं. पण दुकानाच्या पाटीवर, कार्डांवर, लग्नाच्या हॉलच्या पावतीवर तो पत्ता छापलेला होता. पाटी रंगवायला पैसे लागतात, वेबसाइट फुकट होती.

म्हणून फुकट घेऊ नका असं मी म्हणत नाही. कंपनी मोठी आहे म्हणजे सेवा टिकेल, एवढं मात्र गृहीत धरू नका. यासाठी सगळ्यात आधी डोमेन घ्या, एडिटर नंतर. डॉट इन साधारण हजाराच्या आतबाहेर मिळतं. पहिल्या वर्षाची सूट बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. पत्रिकेवर, पावतीवर, फलकावर फक्त तोच पत्ता छापा. मागचा एडिटर उद्या बदलला तरी सभासदाला कळणारसुद्धा नाही. विक्सच्या फुकट प्लॅनवर माझी फुली पडते ती इथेच. पट्टी खपवून घेता येईल, पत्ता त्यांच्या नावाचा असणं महागात पडतं.

बाहेर पडण्याचं म्हणाल तर विक्स स्वतःच स्पष्ट सांगतं की त्यांच्या एडिटरमध्ये केलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही. गुगल साइट्सचं टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गुगलची सोय) एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, मिळतं, पण ते दुसरीकडे चढवलं की जसंच्या तसं दिसेल या भ्रमात राहू नका, मजकूर वाचला एवढंच समाधान. वर्डप्रेस आणि ब्लॉगर यांतून सगळ्या लेखांची एक्सएमएल फाइल निघते. ब्लॉगर अजून चालू आहे बरं का. फुकट आहे, स्वतःचं डोमेन जोडता येतं, बाजूचे ठोकळे ओढून लावता येतात. फॅशनमधून गेलं इतकंच.

नारळीपौर्णिमा

जुनाजाणता, इतकं घाबरवू नका हो त्यांना.

आमचं तारकर्लीजवळ होमस्टे आहे, साइट गुगल साइट्सवर. मीच केली, मीच बदलते. पाहुणे येतात ते मॅपवरून नाहीतर ओळखीतून. साइट ते उघडतात फक्त खात्री करायला. संडास कमोडचा आहे का, मासे घरचे असतात का, समुद्र चालत किती लांब. त्यासाठी फिरणारे गोळे आणि उडणारी अक्षरं कशाला हवीत? दिसायला साधी आहे, मान्य. पण फोनवर पटकन उघडते, काही सरकून दुसऱ्यावर चढत नाही. विक्समध्ये कॉम्प्युटरवर छान लावलेलं फोनच्या व्ह्यूमध्ये जाऊन पुन्हा हाताने नीट करावं लागत होतं, तिथेच मी कंटाळले. जिथे काहीही कुठेही ठेवता येतं, तिथे सगळं आपणच सांभाळायचं असतं. साइट्समध्ये चौकटी ठरलेल्या आहेत हा तळटीप यांना दोष वाटतो, मला तोच गुण वाटतो.

उद्या बंद झाली तर? एका दुपारी दुसरीकडे करीन. मजकूर वर्डमध्ये आहे, फोटो फोल्डरमध्ये आहेत.

दोष एकच, पण जाच होतो. मोबाइलवरून बदल धड करता येत नाहीत. पावसाळ्यात बोटिंग, स्कूबा बंद असतं. ती ओळ वर टाकायची तर लॅपटॉप उघडावाच लागतो, आणि आमच्याकडे पावसात लाइटचा भरवसा नाही. तुमच्या मॅडमकडे वाचनालयात कॉम्प्युटर असेलच ना?

जुनाजाणता

'मजकूर वर्डमध्ये आहे, फोटो फोल्डरमध्ये आहेत' म्हणालात ना, मग तुम्हाला माझं काहीच सांगणं नाही. बहुतेकांची एकमेव प्रत त्या एडिटरमध्येच असते. कार्यक्रमाचा वृत्तांत थेट त्या खिडकीत टाइप केलेला, फोटो फोनमधून थेट चढवलेले आणि फोनवरून पुसलेले.

रफार

तळटीप, तुमचा मथळा तीन ओळींत का मोडला ते सांगतो. एडिटर कुठलाही घ्या, हे प्रत्येक ठिकाणी करावं लागेल.

ही टेम्प्लेटं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. मोठा मथळा ऐसपैस दिसावा म्हणून दोन अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडलेली असते. सेटिंगमध्ये तिला लेटर स्पेसिंग म्हणतात. रोमनला ते शोभतं, आपली शिरोरेघ तुटते. 'सार्वजनिक वाचनालय' लिहिलं की 'सा र्व ज नि क' असे सुटे ठोकळे दिसतात, रुंदी वाढते आणि ओळ मोडते. ते शून्यावर आणा, अर्धं दुखणं तिथेच जाईल.

मग ओळींमधलं अंतर बघा. मथळ्यांची लाइन हाइट १ किंवा १.१ ठेवलेली असते. इंग्रजीत वर-खाली फारसं काही लटकत नाही. आपल्याकडे खालच्या ओळीतल्या 'पूर्ती'चा रफार वरच्या ओळीतल्या उकारात घुसतो. मथळ्याला १.४ च्या खाली जाऊ नका, परिच्छेदाला १.६ ठेवा.

फॉन्टमध्ये खरी फसगत आहे. टेम्प्लेटमध्ये मॉन्सेरात किंवा लाटो असेल तर त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. तरी तुम्हाला पडद्यावर मराठी दिसतं, कारण तुमचा कॉम्प्युटर स्वतःच्या पदरचा फॉन्ट वापरतो. सभासदाच्या फोनवर दुसराच कुठलातरी येणार. तुम्ही मेहनतीने बसवलेली ओळ तिथे बसेल याची खात्री नाही. गुगल फॉन्ट्समध्ये देवनागरी असलेले भरपूर आहेत: मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बलू, तिरो देवनागरी मराठी. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या एक टाइप या गटाचे. परिच्छेदाला मुक्ता घ्या आणि डोळे मिटून पुढे जा. बलू गुबगुबीत आहे, बालविभागाच्या मथळ्याला छान दिसेल, अनामतीच्या नियमांना नाही. यादीत हवा तो फॉन्ट मिळत नसेल तर एडिटर निवडतानाच ते लक्षात घ्या. डेमो बघताना इंग्रजी मजकूर पुसून आपल्या गेल्या वर्षीच्या अहवालातला एक परिच्छेद चिकटवायचा, मग मत बनवायचं.

अहवालावरून आठवलं. जुने अहवाल डीटीपीवाल्याकडून आलेले, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असणार. ते पेस्ट केले की नुसता चिन्हांचा चिवडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) रूपांतर करा आणि नंतर कुणाला तरी वाचायला बसवा. जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात (माझ्या आयडीची शपथ).

अवांतर: सेटिंगमध्ये साइटची भाषा निवडता येत असेल तर 'मराठी' करा. फॉन्टमध्ये सोय असली तर त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, एरवी हिंदी वळणाचे येतात.

श्राव्य

रफार यांच्या शेवटच्या ओळीला माझं जोरदार अनुमोदन, पण वेगळ्या कारणासाठी. मी स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली असली की वाचणारा आवाज कधीकधी मराठी मजकुरावर इंग्रजी उच्चार लादतो, ते ऐकणं ही शिक्षा असते.

तळटीप, कॅनव्हाचा मोह आवरा असं नाही म्हणणार, पण पोस्टर हे पान नव्हे. सगळ्या मंडळांच्या, संस्थांच्या साइटींवर आता हेच दिसतं. म्हणजे तुम्हाला दिसतं. व्याख्यानमालेचं रंगीत चित्र पानावर डकवलेलं असतं आणि मला ऐकू येतं 'ग्राफिक', फार तर फाइलचं आकड्यांनी भरलेलं नाव. वक्ता कोण, विषय काय, किती वाजता, सगळं त्या चित्राच्या पोटात. गुगलवर शोधणाऱ्यालाही चित्रातली अक्षरं हाती लागतीलच असं नाही, आणि वयस्कर सभासदांना फोनवर ती बोटांनी ताणून वाचावी लागतात. पोस्टर खुशाल लावा, खाली तोच मजकूर टाइप करा. फोटो टाकताना ऑल्ट टेक्स्टची (चित्राच्या वर्णनाची) चौकट बहुतेक एडिटरांत असते. ती भरायला एक वाक्य पुरतं.

आणखी एक. मथळा करायचा म्हणून साधं अक्षर मोठं आणि ठळक करू नका, यादीतून 'हेडिंग' निवडा. मी एच दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. नुसतं ठळक केलेलं असेल तर माझ्या लेखी त्या पानावर मथळाच नाही, आणि दिवाळी अंक योजनेपर्यंत पोचायला मला अख्खा इतिहास ऐकावा लागतो, संस्थापकांपासून.

तळटीप

रफार, साष्टांग नमस्कार. लेटर स्पेसिंग शून्य केलं आणि मथळा एका ओळीत बसला. मी इतके दिवस अक्षर लहान करत बसलो होतो.

श्राव्य, आमच्याकडे दृष्टिहीन सभासदही आहेत, बोलक्या पुस्तकांच्या निमित्ताने येतात. हे मॅडमना वाचून दाखवतो.

आता वर्डप्रेसबद्दल कुणी बोलेल का? आमचे एक सदस्य म्हणतात, करायचं तर तेच करा, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइटी त्यावर आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

आहेत, खरं आहे. पण त्या साइटींना सांभाळणारं माणूसही असतं.

आधी एक गुंता सोडवून घ्या. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे. फुकट खातं मिळतं, त्यावर त्यांच्या जाहिराती. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं, मुक्त परवान्याचं. ते खरंखुरं फुकट, पण ठेवायला जागा तुम्ही आणायची. लोक एकाची स्तुती ऐकून दुसरं घेतात.

एलिमेंटर २०१६ मध्ये आलं तेव्हा वर्डप्रेसकडे स्वतःचं ओढायचं-सोडायचं काही नव्हतंच, म्हणून ते धावलं. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर गुटेनबर्ग हा ब्लॉक एडिटर आला. सुरुवातीला त्याने भरपूर शिव्या खाल्ल्या. पण २०२२ च्या ५.९ पासून वरची पट्टी, तळपट्टी सगळंच ब्लॉकने करता येतं. तुम्हाला लागतं तेवढं त्यात आरामात होतं, वेगळं पेज बिल्डर कशाला? आणि जुनाजाणता म्हणतात ते बाहेर पडणं इथे सोपं आहे. ब्लॉकचा मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये साठतो. एलिमेंटर बंद केलं तर मजकूर उरतो, मांडणी ढासळते. काही जुन्या बिल्डरांचं तर प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेलं सॉफ्टवेअर) काढलं की पानभर चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे त्या बिल्डरच्या खुणा, पसरलेले दिसतात, मधेमधे आपलं मराठी.

तरी तुम्हाला मी वर्डप्रेस सुचवणार नाही. महिन्यातून एकदा तरी आत जाऊन अपडेट करावं लागतं, बॅकअप घ्यावा लागतो. नाही केलं तर काय होतं ते मी पाहिलंय. ओळखीच्या एका संस्थेची साइट कुणी उघडतच नव्हतं, आणि जेव्हा उघडली तेव्हा 'आमच्याविषयी'च्या पानावर परदेशी औषधांच्या जाहिराती. आणि एखाद्या प्लगइनच्या अपडेटने पान पांढरंफटक पडलं तर मॅडम कुणाला फोन करतील? बाप्पा, तुम्हालाच. रात्री साडेनऊला, उद्या व्याख्यान असताना.

टिंबटिंब

एवढा काथ्याकूट कशासाठी? पाच पानं आहेत. एचटीएमएलच्या पाच फाइली लिहा, गिटहब पेजेसवर (कोडवाल्यांच्या गिटहबची साइट ठेवायची सोय) फुकट ठेवा. अपडेट नाही, हॅक नाही, जाहिरात नाही. मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेज एडिटरच्या काळात लोक यापेक्षा मोठी पानं करत होते.

नारळीपौर्णिमा

आणि दिवाळी अंक योजनेची तारीख बदलली की मॅडमनी गिट कमिट (कोडवाल्यांची बदल नोंदवायची रीत) करायचं का? बदल करणारं माणूस कोण आहे ते आधी बघा, मग साधन सांगा. फ्रंटपेज तरी वर्डसारखं दिसायचं.

टिंबटिंब

बरं, मुद्दा घेतो. मधला मार्ग आहे. पब्ली नावाचं मुक्त सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घालायचं, त्यात लिहायचं, बटण दाबलं की साधी पानं तयार होऊन होस्टवर चढतात. आपली मूळ प्रत आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. उणीव तीच: तो कॉम्प्युटर गेला आणि कॉपी नसली तर सगळं गेलं.

सातसमुद्र

परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाची साइट सांभाळायचा अनुभव आहे, म्हणून एडिटरपेक्षा खात्याबद्दल बोलतो. आमची कार्यकारिणी बदलत राहते. साइट एका उत्साही सभासदाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलेली होती, तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला आणि दुहेरी पडताळणीचे आकडे त्याच्या फोनवर येत राहिले. भला माणूस, अर्ध्या रात्री आकडे कळवायचा. पण त्याने फोन नंबर बदलला असता तर?

संस्थेच्या नावाने ईमेल काढा, दोघांना संपादनाचा हक्क द्या, परतीचा नंबर वाचनालयाच्या फोनचा ठेवा. आणि कार्यभार सोपवताना दप्तर, शिक्के, चेकबुक यांच्या यादीत या खात्याचीही ओळ लिहा.

पुस्तकांची यादी एडिटरमध्ये टाइप करू नका. नव्या पुस्तकांसाठी गुगल शीट करून पानात बसवा, शीटमध्ये ओळ वाढवली की पानावर दिसते. पूर्ण ग्रंथसूची हा वेगळाच विषय आहे, त्यासाठी एनआयसीचं (केंद्र सरकारच्या माहिती केंद्राचं) ई-ग्रंथालय किंवा कोहा ही ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं बघा. त्यांची शोधाची सोय असते, साइटवरून फक्त दुवा द्यायचा.

नारळीपौर्णिमा यांच्या फोनच्या अडचणीवर हीच युक्ती चालते. 'आजची सूचना' एवढीच एक गुगल डॉक करायची, ज्याच्याकडे दुवा आहे त्याला वाचता येईल अशी ठेवायची आणि साइट्सच्या पानात वर बसवायची. डॉक फोनवरून बदलता येते. सुबक नाही, एका सरकत्या चौकटीत दिसते. पण संपामुळे आज वाचनालय बंद, हे बसमधून टाकता येतं.

सभासदांची नावं-फोन यांची यादी मात्र कुठल्याही शीटमध्ये जाहीर ठेवू नका. तुमच्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ठेवू नये. देणगीचा क्यूआर लावलात तर अधूनमधून स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव बघत जा. संपादनाचा पासवर्ड चारचौघांत फिरला की कुणी तो कोड बदलला हे महिनोन् महिने कळत नाही.

कोपऱ्यातला

रुमाल उचलतो. आमचा किस्सा. सोसायटीने साइट करून घेतली, डोमेनसकट सगळं 'पॅकेज' म्हणून. एडिटर झकास होता, सचिवांनी स्वतः फोटो बदलायला शिकून घेतलं. तिसऱ्या वर्षी डोमेनची मुदत संपली. नोंदणी कुणाच्या नावे? करून देणाऱ्याच्या. त्याचा फोन बंद. मुदतीनंतर पत्ता दुसऱ्याच कुणी घेतला. साइटची पानं त्या एडिटरमध्ये शाबूत आहेत, पण जिथून लोक यायचे ते दारच दुसऱ्याचं झालं. आता नव्याने सगळ्या नोटिशींवर पत्ता बदलणं चालू आहे.

तळटीप, पावती वाचनालयाच्या नावे घ्या आणि नूतनीकरणाची तारीख ऑडिटच्या फाइलला लावा.

तळटीप

सगळ्यांचे आभार. प्रतिसादांच्या प्रिंट काढून कार्यकारिणीत वाचल्या. (हो, प्रिंट. आमच्याकडे असंच चालतं.)

ठरलं ते असं. डॉट इन डोमेन वाचनालयाच्या नावे, रद्दी विकून आलेल्या पैशांतून, कार्यवाहांच्या सहीने. संस्थेचा नवा ईमेल, हक्क मॅडमना आणि मला. साइट गुगल साइट्सवर. देखणेपणात विक्स पुढे आहे हे मी अजूनही म्हणेन, पण तो देखणेपणा आमच्या मजकुराला टिकत नाही हे दोन्हीकडे तोच अहवाल चिकटवून पाहिल्यावर दिसलं. मजकुराची प्रत वर्डमध्ये वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेन ड्राइव्हवर, कपाटात. सूचनेची डॉक करून पाहिली. मॅडमनी फोनवरून 'चाचणी' लिहिलं आणि पान ताजं केल्यावर ते दिसलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. कॅनव्हाची पोस्टरं येतील, खाली टाइप केलेल्या मजकुरासकट.

एक भांडण शिल्लक आहे. अध्यक्षांना वर लाल अक्षरांत सरकती पट्टी हवी आहे आणि खाली 'आपण अमुक क्रमांकाचे पाहुणे आहात' असा आकडा. काय सांगू?

जुनाजाणता

या एडिटरमध्ये सरकती पट्टी मिळत नाही म्हणून सांगा. मेनूत खरंच नाही, खोटं बोलावं लागणार नाही.

टिंबटिंब

एम्बेड कोडमध्ये (बाहेरचा कोड बसवायच्या चौकटीत) टाकली तर चालते. पण ते अध्यक्षांना सांगू नका.

श्राव्य

सांगितलंत तर पट्टी थांबवायचं बटणही ठेवा.